कोलेस्टेरॉल : तुमचा काय अनुभव?

परवा भिशीत गप्पा निघाल्या आणि पाचजणींपैकी तिघींच्या पर्समधून अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीची, पाकिटं बाहेर आली! म्हणून हा धागा.

आधी माझा गाढवपणा. एलडीएल, म्हणजे ते 'वाईट' कोलेस्टेरॉल, १७८. रोज १० मिलिग्रॅमची गोळी, तीन महिन्यांत ९८. बरं झालं म्हणून मीच गोळी बंद केली. वर्षाने पुन्हा १७१. डॉक्टर म्हणाले, "अहो, तो ९८ गोळीचा होता, तुमचा नव्हता." आता लिहा तुम्ही.

*

आम्ही दोघंच, तरी महिन्याला चार लिटर तेल! आता दीड लिटरात भागवतो, रोज पाऊण तास चालतो. एलडीएल १५२ चं १३४ झालं. बाकीचं लिव्हर स्वतःच तयार करतं म्हणे, त्यामुळे गोळी आहेच. आणि पिशवीवरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री'ला भुलू नका, शेंगदाणा-करडईच्या तेलात ते मुळात नसतंच.

*

मी ३४, वजन ५८ किलो, अंडंसुद्धा खात नाही. एलडीएल २४२. लॅबचा घोळ समजून दुसरीकडे तपासलं, २३८! तीन महिने पथ्य करूनही फारसं हललं नाही. मग डॉक्टरांनी वडिलांचं विचारलं. बाबा ४६व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, त्यांच्या पापण्यांवर पिवळट चट्टे होते. आम्हाला ते वयाचे वाटायचे. हा अनुवंशिक प्रकार निघाला. प्रत्येक मुलात उतरायची शक्यता ५० टक्के. धाकट्या भावाला ओढत नेलं, त्याचं २१५. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचं रक्त द्यायचंय, आजी अजून "एवढ्याशा पोरीला कशाला सुया" म्हणून अडून बसलीय.

*

थायरॉइड तपासलंत का? माझं टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) १८ होतं, म्हणजे थायरॉइड मंद. त्याची गोळी सुरू झाल्यावर कोलेस्टेरॉल आपसूक उतरलं.

*

माझं दुखणं ट्रायग्लिसराइड्सचं, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या चरबीचं, ४६०. शनिवारची 'बैठक' बंद केली. सोमवारचा उपवासही कारणीभूत आहे, हे मात्र कबूल करायला जड गेलं : दोन वाट्या साबुदाणा खिचडी, वर बटाट्याचा चिवडा. पाच महिन्यांत १९०.

*

गोळीने मांड्या-पोटऱ्या दुखायच्या. परस्पर सोडणार होते, पण मुलीने डॉक्टरांकडे नेलं. सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्तचाचणी) तपासलं, नॉर्मल आलं. गोळी बदलून रोसुव्हास्टॅटिन ५ दिली. आता जिना चढताना दुखतात ते फक्त गुडघे, आणि ते आधीपासूनच दुखायचे.