घरचा राउटर स्वतः चालवावा का? ओपनबीएसडीच्या बाजूने

सह्यकडा
इंटरनेट कंपनीने बसवलेला राउटर बहुतेक घरांत वर्षानुवर्षं तसाच असतो. शेवटचं अपडेट कधी आलं, कोणते पोर्ट (बाहेरून आत येण्याची क्रमांकित दारं) उघडे आहेत, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. ज्याला टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या पडद्याची, भीती वाटत नाही त्याने नेटवर्कची वायर लावायच्या दोन खाचांचा (लॅन पोर्टचा) जुना मिनी पीसी घ्यावा, त्यावर ओपनबीएसडी (ही एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकावं, कंपनीचा डबा ब्रिज मोडला (नुसती जोडणी पुढे देण्यापुरता) लावावा आणि वायफायला साधा अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पुरवणारा वेगळा डबा) ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

ओपनबीएसडीच का? कारण ते एका माणसाला समजून घेता येतं. 1995 साली थिओ डी राट नेटबीएसडी या अशाच सिस्टिमच्या प्रकल्पातून वेगळे झाले आणि हा प्रकल्प उभा राहिला. राउटरला लागणारं सगळं मूळ सिस्टिममध्येच मिळतं: नको ती रहदारी अडवणाऱ्या फायरवॉलला पीएफ, घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायला डीएचसीपीडी, साइटच्या नावावरून पत्ता शोधायला अनबाउंड. बाहेरचं एकही पॅकेज घालावं लागत नाही. पीएफचे नियम वाचताना तर मला खरंच आनंद होतो. आधी सगळं अडवा, मग आतून बाहेर जाणारं सोडा. जुळणारा शेवटचा नियम लागू. माझ्या घरची अख्खी फाइल एका स्क्रीनवर मावते. अडलं तर मॅन पेज, म्हणजे सिस्टिमसोबत येणारं माहितीचं पान, उघडायचं, तिथे उत्तर असतं.

पाटीपेन्सिल
आनंद मान्य, सल्ला अमान्य. ओपनबीएसडीच्या फाइलसिस्टिमला जर्नलिंग (डिस्कवरचे बदल आधी नोंदवून ठेवण्याची सोय) नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून कितीदा जाते याचा हिशेब नसतो. अशी अचानक बंद पडलेली पेटी उठताना एफएससीके (डिस्कची तपासणी) चालवते आणि कधीकधी मध्येच थांबून माणसाला विचारते. तुम्ही गावाला असाल तर कीबोर्ड आणि स्क्रीन कोण जोडणार? आई?

त्यापेक्षा ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची सिस्टिम घ्या. ते लिनक्स, पण तेही आटोपशीर. मूळ सिस्टिम फक्त वाचता येणाऱ्या स्क्वॅशएफएसवर असते, त्यामुळे लाइट गेल्याने ती सहसा बिघडत नाही. वायफायही त्याच डब्यात. शिवाय ओपनबीएसडीच्या एका आवृत्तीला जेमतेम वर्षभर दुरुस्त्या मिळतात. म्हणजे अपग्रेडचं काम कायमचं मागे लागलं.

उंबरठा
पण राउटर स्वतः चालवला तरी नेटवर्क 'स्वतःचं' कसलं? कंपनी 100.64 ने सुरू होणारा, म्हणजे तिच्या जाळ्यापुरताच चालणारा, पत्ता देते. शेकडो घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे. आयपीव्ही4 (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) वरून घरच्या सर्व्हरला बाहेरून पोचताच येत नाही.

सह्यकडा
उंबरठा, आयपीव्ही6 (पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर तिथे ही भिंत नाही. हवा तेवढाच पोर्ट पीएफमधून उघडायचा. नसेल तर स्वस्त व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा (सुरक्षित खासगी जोडणी) टाका. ओपनबीएसडीच्या 2020 च्या 6.8 आवृत्तीपासून वायरगार्ड कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यातच) आहे.

पाटीपेन्सिल, लाइटचा मुद्दा खरा आहे. राउटरला छोटा यूपीएस हवाच, तो खर्चात धरा. अपग्रेडचं मात्र पटत नाही. सिसअपग्रेड ही एक कमांड आहे, सहा महिन्यांतून एकदा. कंपनीच्या डब्याला तेवढंही कुणी करत नाही.

कोकणवारा
मी डिप्लोमाच्या मुलांना नेटवर्किंग शिकवते. नॅटची (एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रं चालवण्याच्या युक्तीची) आकृती सगळ्यांना काढता येते, पण पॅकेट, म्हणजे जाळ्यातून जाणारा माहितीचा तुकडा, कुणी पाहिलेलं नसतं. पीएफमध्ये अडवलेलं सगळं लॉग करायला सांगितलं आणि त्या लॉगवर (पीएफलॉग0) पॅकेट दाखवणारा टीसीपीडंप लावला की बाहेरून टेलनेटच्या (दुरून लॉगिन करायच्या जुन्या पद्धतीच्या) 23 नंबरच्या पोर्टवर ठोठावणारे दिसू लागतात. 2016 मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने याच दाराने, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून, लाखो कॅमेरे आणि घरगुती राउटर ताब्यात घेतले होते. हे पाहिल्यावर मुलं जे प्रश्न विचारतात ते पुस्तकातून येत नाहीत. माझं मत सह्यकडांच्या बाजूने.

पाटीपेन्सिल
ताई, शिकण्यासाठी हे उत्तम, यात वाद नाही. पण मग ती पेटी राउटरच्या मागे, वेगळ्या जाळ्यात ठेवा. पीपीपीओईवर (कंपनीकडे लॉगिन करून जोडण्याच्या पद्धतीत) एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, 1492 बाइट असतो. एमएसएसचा (पॅकेटमधली माहिती त्या आकारात बसवण्याचा) नियम लिहायचा राहिला तर काही साइट उघडतात, काही लटकतात, आणि घरच्यांना वाटतं इंटरनेट गेलं. त्याच वेळी कुणाची ऑनलाइन परीक्षा चालू असते.

सह्यकडा
एमएसएसची ती एक ओळ पीपीपीओईच्या मॅन पेजमध्येच दिलेली आहे. वेगळ्या जाळ्यात ठेवलेली पेटी चार दिवसांनी बंद पडून राहते, कारण तिच्यावर कुणाचं काही अवलंबून नसतं. कंपनीचा डबा ब्रिज मोडमधून परत कसा आणायचा हे कागदावर लिहून त्याच्याशेजारी चिकटवा. घरच्यांसाठी एवढी सोय मी आवश्यक मानतो. राउटर मात्र ओपनबीएसडीचाच.

पाटीपेन्सिल
कागद आणि यूपीएस दोन्ही असतील तर माझा विरोध निम्मा झाला. उरलेला निम्मा वायफायसाठी लागणाऱ्या दुसऱ्या डब्याच्या खर्चाला आहे.