भाषक की भाषिक?

कुंदा_रा: मंडळी, अडलंय. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकवरचा लेख मराठीत करतेय. तिथे साधारण तिघांत एक फ्रेंचवाला. मी 'फ्रेंच भाषिक अल्पसंख्याक' लिहिलं, संपादकांनी 'भाषक अल्पसंख्य' केलं. बरोबर काय?

जुनाखोड: संपादक बरोबर. लेखक, वाचक, तसा भाषक. भाषिक म्हणजे भाषेसंबंधीचं. धोरण भाषिक असतं, माणूस नव्हे.

टपरीवरून: 'मराठी भाषिक' म्हणत म्हणतच संयुक्त महाराष्ट्र मिळवला की! 'फ्रेंचभाषी' म्हणा, भांडण मिटलं.

जुनाखोड: ते हिंदी वळण.

टपरीवरून: मग 'मितभाषी' काय दिल्लीहून आला?

माँक्टनकर: सहा वर्षं न्यू ब्रन्सविकमधल्या माँक्टनला होतो. कॅनडाच्या 1982 च्या हक्कांच्या सनदेतलं कलम 23 बघा. फ्रेंच शाळेचा हक्क आईबापांमुळे मिळतो. त्यांच्यापैकी एकाची 'पहिली शिकलेली आणि अजूनही समजणारी' भाषा फ्रेंच असली की पुरे. समजणारी, बोलता यायलाच हवी असं नाही! आमच्या शेजारणीची आई फोनवर फ्रेंचमधून झापायची, ही इंग्रजीतून 'हो, हो' करायची. लेक मात्र फ्रेंच शाळेत. आता हिला भाषक कसं म्हणू?

जुनाखोड: 'हक्कदार' म्हणा.

माँक्टनकर: तिकडचे फ्रेंचवाले तेच म्हणतात, 'आयाँ द्रूआ'.

सीमेवरचा: पण त्या कलमात 'संख्या पुरेशी असेल तिथे' अशी पाचर आहे ना? आमच्या बेळगावकडे मातृभाषेतून शिकायचं तर 'वर्गात 10 किंवा शाळेत 40' मुलं हवीत, हे पाढ्यासारखं पाठ. 1949 च्या शिक्षणमंत्र्यांच्या ठरावातले आकडे. मास्तर उन्हाळ्यात दारोदार पोरं मोजत फिरायचे.

माँक्टनकर: तिथे कलमात आकडाच नाही. 1990 मध्ये अल्बर्टाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चढती पट्टी लावली. मुलं थोडी असतील तर नुसतं शिक्षण, बरीच असतील तर शाळेच्या कारभारातही आईबापांचा हात. माझ्या मते हे शहाणपणाचं. 39 वर हक्क शून्य आणि 40 वर पूर्ण, हा काय न्याय?

कुंदा_रा: अहो, माझं 'अल्पसंख्य' राहिलं!

जुनाखोड: दोन्ही चालतील. 'अल्पसंख्यांक' लिहिलंत तर मात्र गाठ माझ्याशी. तो अनुस्वार आला कुठून?

टपरीवरून: सीमेवरचे, तुमच्या मास्तरांना 40 मिळाली का?

सीमेवरचा: एका साली 39 वर अडलं. चाळिसावा मी. पाच वर्षांचा होतो, मास्तरांनी सहा लावली. कागदावर अजून वर्षानं मोठाच आहे.