मदत हवी आहे: जुन्या लाकडी बोटीचं टायटल काढायचंय, पण हल नंबरच नाही (मिशिगन)

नमस्कार मंडळी,

मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटच्या उत्तरेला. अडचण एका जुन्या बोटीच्या कागदांची आहे: टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, काढायचाय, पण हल नंबर, म्हणजे बोटीच्या अंगावरचा ओळख नंबर, सापडत नाही. इथे आजूबाजूच्या तळ्यांवर बोटी घेतलेले बरेच मराठी लोक आहेत, कुणाला अनुभव असेल म्हणून विचारतोय. थोडं लांबेल, कारण सगळं बारीकसारीक गोष्टींवर अडलंय.

आमच्या शेजारी एक अमेरिकन आजी राहतात, वय ८६. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. घरामागच्या कोठारात त्यांची एक लाकडी बोट ताडपत्रीखाली उभी आहे. अठरा फुटी, महोगनीची, क्रिस-क्राफ्ट. नाव पुढच्या पॅनलवर अजून स्पष्ट वाचता येतं. ही कंपनी इथलीच, तासाभरावरच्या अल्गोनॅक गावात सुरू झालेली. आजोबांनी ती सत्तरच्या दशकात कुणाकडून तरी घेतली, आणि आजींच्या आठवणीप्रमाणे १९९० च्या सुमारास शेवटची पाण्यात घातली. त्यांची मुलं दूर राहतात, कुणाला बोट नकोय. मागच्या उन्हाळ्यात मी कोठाराचं छप्पर दुरुस्त करायला गेलो, तेव्हा ताडपत्री वर करून बघितली. आजी म्हणाल्या, तू घेऊन जा, पण तोडायला देऊ नकोस, पाण्यात घाल.

माझं आजोळ देवगडकडचं. आजोबांची होडी होती, आणि दर पावसाळ्याआधी ती वर ओढून फळ्यांच्या फटींत कापूस ठासून राळ भरायचं काम मी लहानपणी बघितलंय, हाताखाली केलंयसुद्धा. त्यामुळे लाकडाची मला भीती वाटत नाही. तळाच्या दोन फळ्या कुजल्यात, सांधे सुकून उघडलेत, पण मुख्य सांगाडा टणक आहे. भीती कागदांची आहे.

कागद म्हणून माझ्याकडे आहे फक्त आजींच्या हातची एक चिठ्ठी, की ही बोट याला दिली. आजोबांच्या कपाटात टायटल सापडलं नाही, जुनं रजिस्ट्रेशन सापडलं नाही, खरेदीची पावती नाही. विम्याचाही कागद नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे मिशिगनमध्ये वीस फूट किंवा त्याहून लांब बोटीला टायटल लागतं, आणि लांबी कितीही असली तरी इंजिन बोटीत कायमचं बसवलेलं असेल तरीही लागतं. ही अठराच फुटी आहे, पण इंजिन आतलं आहे. मागे लटकवायचं आउटबोर्ड असतं तर नुसत्या रजिस्ट्रेशनवर भागलं असतं. इथे गुंता असा, की इंजिन सध्या बोटीत नाही. आजोबांनी ते कधीतरी काढून लाकडी घोडीवर ठेवलंय. सहा सिलिंडरचं, ‘के’ मॉडेल, ९५ अश्वशक्ती असं पट्टीवर दिसतं.

आता मुख्य अडचण. अर्जात हल आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे एचआयएन, विचारतात. बारा अक्षरं-आकडे. हा नंबर मागच्या उभ्या फळीवर उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला असतो असं वाचलं. तिथे मी बॅटरी घेऊन तासभर शोधलं, काही नाही. कोपऱ्यावर जुन्या वार्निशचे थर आहेत, म्हणून वाटतंय की नंबर त्याखाली गेला असेल. पुढच्या आठवड्यात मशीनने घासून वार्निश काढायचा विचार आहे.

आणखी एक खूण आहे. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना पूर्वी रजिस्ट्रेशनची अक्षरं चिकटवलेली असणार. ती गळून गेलीत, पण त्यांच्याखालच्या लाकडाचा रंग उन्हाने उडालेला नाही, त्यामुळे तिरपा उजेड टाकला की आकृती दिसते. ‘एमसी’ (मिशिगनच्या बोटींच्या नंबराची सुरुवात) आणि चार आकडे नीट वाचता येतात. शेवटच्या दोन अक्षरांतलं एक लागतं, दुसरं लागत नाही.

माझे प्रश्न:

एचआयएन सापडलाच नाही तर टायटल मिळूच शकत नाही का? जुन्या ‘एमसी’ नंबरावरून काही निघेल का? इंजिन बाहेर आहे तोवर बिनइंजिनाची बोट म्हणून नोंदवून घेणं योग्य का? आणि आजींची चिठ्ठी पुरेल का, की आत्ताच त्यांच्याकडून आणखी काही करून घ्यावं? त्यांची तब्येत हल्ली बरी नसते, म्हणून हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात तातडीचा वाटतो.

एका ओळखीच्यांनी सुचवलं की पितळी पट्टीवर बारा अक्षरं ठोकून लावून टाक, कोण बघतंय. ते मी करणार नाही. बोट सरळ मार्गाने नावावर व्हायला हवी.

माहितगारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (मिनेसोटाहून):

सगळ्यात आधी ते घासायचं मशीन बाजूला ठेवा. कृपया. वार्निशला हात लावू नका.

तुम्ही जो बारा अक्षरी नंबर शोधताय तो या बोटीला कधी नव्हताच. एचआयएन सक्तीचा झाला १ नोव्हेंबर १९७२ नंतर बांधलेल्या बोटींना, १९७१ च्या बोट सुरक्षा कायद्यामुळे. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची, पुढची पाच त्या बोटीचा अनुक्रमांक, आणि उरलेल्यांत तारीख. तुमच्या वर्णनावरून बोट त्याच्या बरीच आधीची आहे. म्हणजे नंबर हरवलेला नाही, तो जन्मालाच आलेला नाही. अर्ज करताना हेच वाक्य पहिलं सांगा, नाहीतर समोरचा माणूस ‘नंबर खोडलेली बोट’ असं समजतो, आणि ती फार वेगळी गोष्ट आहे.

पण क्रिस-क्राफ्टचा स्वतःचा हल नंबर असायचा: अक्षर, मग आकडे, मधे आडव्या रेघा. तो लाकडात ठोकलेला असतो. इंजिनावरच्या झाकणाची आतली बाजू आधी बघा. झाकण बदललेलं असेल तर निराश होऊ नका. कारखान्यात एकाच वेळी अनेक बोटी बांधल्या जायच्या, कुठला तुकडा कुठल्या बोटीचा ते कळावं म्हणून कामगार बऱ्याचदा सुट्या भागांच्या पाठीवर पेन्सिलीने किंवा खडूने हल नंबर लिहायचे. सीटच्या पाठी, आतल्या बाजूच्या पट्ट्या, पायाखालच्या फळ्या, सगळं हलक्या हाताने सोडवून उलटं करून बघा. पुसू नका, ओल्या फडक्याने तर नाहीच. आधी फोटो काढा. ठोकलेला नंबर असेल तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, डोळ्यांना न दिसणारा आकडा कागदावर उमटतो. माझ्या बोटीचा तसाच मिळाला.

नंबर मिळाला की व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूज इथे मरिनर्स म्युझियम आहे, त्यांना लिहा. क्रिस-क्राफ्टचं जुनं दप्तर त्यांच्याकडे आहे, त्यात प्रत्येक बोटीचं एक कार्ड असतं, हल कार्ड म्हणतात. बोट कधी निघाली, कुठल्या विक्रेत्याकडे गेली, इंजिनाचा नंबर काय, असं त्यावर असतं. तुमचं घोडीवरचं इंजिन मूळचं असेल तर पट्टीवरचा नंबर कार्डाशी जुळेल. असा जुळलेला पुरावा हातात असला की बोलणं सोपं जातं. मात्र कार्ड म्हणजे मालकी नव्हे, हे लक्षात ठेवा. ते फक्त बोट कोण आहे ते सांगतं, कुणाची आहे ते नाही.

प्रतिसाद (मिशिगनहून, ग्रँड रॅपिड्सजवळ):

दादा, वरचा प्रतिसाद अगदी बरोबर आहे. मी मालकीबद्दल सांगते, कारण आम्हीही यातून गेलोय, सासऱ्यांच्या बोटीच्या वेळी.

तुमच्या हातात सगळ्यात मोलाचं आहे ते ‘एमसी’चं भूत. बोट राज्यातल्या राज्यात विकली तरी नंबर बोटीबरोबरच राहतो. त्यामुळे तो नंबर घेऊन सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (गाड्या-बोटींची नोंद ठेवणारं राज्याचं कार्यालय) नोंदीची रीतसर विचारणा करा. एकच अक्षर लागत नाहीये ना, मग दोन्ही बाजूंचे फोटो जोडा, डावीकडचं गेलं असेल ते उजवीकडे लागेल. इतक्या जुन्या नोंदी दर वेळी मिळतीलच असं नाही. पण विचारणा केल्याचा कागद तरी तुमच्या फाइलीत राहतो, आणि पुढे तो कामाला येतो. नोंद मिळाली आणि ती आजोबांच्याही आधीच्या मालकाच्या नावावर निघाली तर लपवू नका. ते आत्ता कळलेलं बरं, बोटीवर वर्षभर राबून झाल्यावर कळण्यापेक्षा.

आजींची चिठ्ठी पुरणार नाही. याच आठवड्यात त्यांना घेऊन नोटरीकडे जा, किंवा नोटरीला घरी बोलवा, येतात. कागदावर काय हवं ते सांगते: बोटीचं वर्णन, लांबी, लाकूड, बनवणारा, ‘एमसी’ नंबर जेवढा वाचता येतो तेवढा, इंजिनाचा नंबर, यजमानांनी बोट साधारण कधी घेतली, तेव्हापासून ती कुठे ठेवली, आणि टायटल शोधून सापडलं नाही हे. शिवाय त्या कुठल्या अधिकाराने देतायत तेही, म्हणजे वारस म्हणून. सोबत यजमानांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत. त्यांच्या मागे कोर्टात इस्टेटीचं काम उघडलं असेल तर सही करायचा अधिकार ज्याच्याकडे दिलाय त्याचीच सही लागेल, म्हणून हे मुलांना आधी फोन करून विचारा. मुलांना बोट नकोय हे तोंडी आहे, तेही लेखी घ्या.

बारा अक्षरी नंबरासाठी राज्य स्वतः नंबर नेमून देतं. घरी बांधलेल्या बोटींनाही तसाच देतात. राज्याने दिलेल्या नंबरात राज्याच्या दोन अक्षरांपुढे झेड असतो, त्यावरून तो ओळखू येतो. देण्याआधी अधिकारी बोट प्रत्यक्ष बघायला येऊ शकतो, तेव्हा ती ताडपत्रीतून बाहेर, उजेडात, चारही बाजूंनी फिरता येईल अशी ठेवा. पितळी पट्टीबद्दल तुम्ही ठाम राहिलात ते फार बरं केलंत.

बिनइंजिनाची म्हणून नोंदवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. उद्या इंजिन बसवलं की टायटल लागणारच, आणि तेव्हा आजी सही करायला असतील की नाही कुणी सांगावं? आत्ताच खरं काय ते लिहा. सहा टक्के यूज टॅक्सही (विक्रीकरासारखा राज्याचा कर) मोजावा लागेल, बोट भेट म्हणून मिळाली असली तरी आधी त्याबद्दल विचारून ठेवा. ट्रेलर असेल तर त्याचे कागद पूर्ण वेगळे, ते यात मिसळू नका.

आणि ‘कुठल्याही बोटीचं टायटल काढून देतो’ म्हणणारे ऑनलाइन एजंट दिसतील, परराज्यातून कागद करून आणतात. त्यांना पैसे देऊ नका.

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. मशीन दुकानात परत केलं.

परवा शनिवारी पूर्ण दिवस कोठारात होतो. इंजिनाचं झाकण नंतर बदललेलं निघालं, प्लायवूडचं. मग मागच्या सीटची पाठ सोडवली. चार स्क्रू पितळी, जुने, पाचवा लोखंडी, गंजून बसलेला, त्यालाच दोन तास गेले. पाठीमागे काहीच नव्हतं. पुढच्या सीटखालची पट्टी उलटी केली तेव्हा त्यावर निळ्या खडूने एक अक्षर, मग १८, मग चार आकडे. त्याच्या शेजारच्या पट्टीवर तेच, पेन्सिलीने. दोन ठिकाणी एकच नंबर, म्हणजे पट्ट्या दुसऱ्या बोटीच्या नाहीत असं धरतोय. म्युझियमला दोन्हींचे फोटो पाठवलेत, इंजिनाच्या पट्टीचाही.

‘एमसी’ नंबरातलं ते अक्षर उजव्या बाजूला लागलं. नोंदीची विचारणा केलीय.

मुलांशी आजींसमोरच बोललो. कोर्टात काही उघडलेलं नाही. थोरला मुलगा म्हणाला, वडील मला त्या बोटीत बसवून लेक सेंट क्लेअरवर न्यायचे, पाण्यात घालशील तेव्हा कळव. तिघांची लेखी संमती ईमेलने आली, सहीचे कागद टपालाने येतायत.

नोटरी गुरुवारी सकाळी दहाला आजींच्या घरी येणार आहेत. मजकूर वरच्या प्रतिसादाप्रमाणे लिहून काढलाय. त्यात ‘टायटल शोधून सापडलं नाही’ याऐवजी आजींना स्वतःच्या शब्दांत लिहायचंय, कपाट कुठलं, कुठले खण बघितले, सगळं. तसं चालेल ना? गुरुवारच्या आधी कुणी सांगितलं तर बरं होईल.