तांबं आणि डाफ्नियाच्या मानेवरचे काटे: प्रयोगाची आखणी तपासून द्या

शेवाळवेडा
डाफ्निया पुलेक्स या पाणपिसूला खाणाऱ्या काओबोरस या माशीच्या अळीचा वास असलेल्या पाण्यात डाफ्नियाच्या पिल्लांना बचावासाठी मानेवर काटे येतात. थोड्याशा तांब्याने हा बचाव ढासळतो का, हे पाहायचं आहे. गट चार: साधं पाणी, फक्त वास, फक्त तांबं, दोन्ही. माध्यम (प्राणी ठेवायचं क्षार घातलेलं पाणी) एलेंट एम-४, २० अंश, १६ तास उजेड. २४ तासांच्या आतली पिल्लं थेट सोडणार. कुठे फसेल?

पाणपिसू
गट बरोबर आहेत, पण माध्यमातच फसाल. एम-४ मध्ये ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन असतं. ते तांब्याचे मोकळे आयन धरून ठेवतं आणि 'परिणाम नाही' असा खोटा निष्कर्ष हाती येतो. ईडीटीए नसलेलं माध्यम घ्या. खायला दिलेलं शेवाळही तांबं शोषतं, म्हणून चारा सगळीकडे सारखाच हवा. पाणी बदलायच्या आधी आणि नंतर विरघळलेलं तांबं मोजा. बाटलीवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका.

दुसरं म्हणजे वेळ. काट्यांची तयारी मादीच्या पाठीवरच्या पिशवीत, भ्रूणाच्या शेवटच्या टप्प्यातच सुरू होते. जन्मल्यावर वास दिलात तर उशीर झालेला असतो. अंडीवाल्या माद्याच वासाच्या पाण्यात ठेवा आणि पिल्लांनी पहिली कात टाकली की तपासा. गुण असे: मानेवर उंचवटा नसेल तर ०, लहान असेल तर ३०, मोठा असेल तर ५०, शिवाय दर काट्याला १०. गुण देणाऱ्याला गट कळता कामा नये. एका मादीची सगळी पिल्लं मिळून नमुना एकच, हेही विसरू नका.

तळ्याकाठी
अळ्यांना आधी डाफ्निया खाऊ घाला. वासातली संयुगं त्यांच्या पचनातून येतात, त्यामुळे उपाशी अळ्यांच्या पाण्यात वास कमी उतरतो. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, उणे २० अंशांवर गोठवा आणि प्रयोगात रोज ताजं घाला. जिवाणू ही संयुगं खाऊन टाकतात.

काटे कमी आले म्हणजे प्राण्याला वास कळलाच नाही, असं लगेच म्हणू नका. पिल्लू नुसतं अशक्त असू शकतं किंवा पाण्यातला संकेतच बिघडलेला असू शकतो. माद्यांना आधी तांब्यात ठेवून मग स्वच्छ, वासाच्या पाण्यात हलवा. तरीही काटे कमी आले, तर बिघाड प्राण्यातच आहे. सोबत शरीराची लांबी आणि कात टाकायला लागलेला वेळ मोजा.

ही मेहनत घ्याच. ४८ तासांत किती पिल्लं निश्चल झाली एवढंच मोजलं, तर शत्रू समोर असताना बिनहत्यारी राहिलेलं पिल्लू नोंदीत 'सुखरूप' ठरतं.

शेवाळवेडा
'फक्त तांबं' गटातही काटे मोजायचे का? तिथे तर शत्रूच नाही.

पाणपिसू
मोजायचेच. कार्बारिल या कीटकनाशकाने शत्रू नसतानाही डाफ्नियाच्या काही जातींत बचावाचे असे आकार उगवतात, हे दाखवलं गेलं आहे. असा खोटा गजर झाला की बचावाचा खर्च होतो, फायदा काहीच नाही. पुढे कार्बारिल वापरलंत आणि ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलंत, तर अ‍ॅसिटोन लिटरला ०.१ मिलिलिटरच्या वर जाऊ देऊ नका आणि फक्त अ‍ॅसिटोनचा गट वेगळा ठेवा.