बॉयकॉट: पुढारी नव्हे, वाळीत पडलेला कारभारी

बहिष्काराला इंग्रजीत 'बॉयकॉट' म्हणतात, आणि बॉयकॉट नावाच्या पुढाऱ्याने बहिष्काराची चळवळ काढली म्हणून हा शब्द आला, असं कुणी म्हणतं. नेमकं उलट! चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. 1880 मध्ये खंडात पुरेशी सूट न देता त्याने कुळांवर जमीन सोडण्याच्या नोटिसा काढल्या. मग गडी, दुकानदार, टपालवाला सगळ्यांनीच पाठ फिरवली. पीक काढायला बाहेरून पन्नासेक माणसं आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य आणावं लागलं; सुमारे 500 पौंडांच्या पिकापायी 10,000 पौंड गेले. त्याच वर्षी आडनावाचं क्रियापद झालं. आपण 'बहिष्कार' म्हणतो खरं, पण मूळ घटनेला 'वाळीत टाकणे' अधिक चपखल.