कॅलाथियाच्या पानांच्या कडा करपताहेत, पाणी तर वेळेवर देते

मृण्मयी, छ. संभाजीनगर
दिवाळीच्या सुमारास नर्सरीतून कॅलाथिया मॅकोयाना आणलं. फिकट पोपटी पानावर गडद हिरवे लंबगोल पट्टे, मागची बाजू जांभळी. हिवाळाभर छान होतं. मार्च लागला आणि पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली, आता कडाही करपताहेत. कुंडी उत्तरेच्या खिडकीत, पडद्याआड. ऊन लागत नाही. वरची माती बोटाच्या पेराएवढी सुकली की पाणी घालते, रोज स्प्रेही मारते. नर्सरीवाला म्हणाला खत कमी पडतंय, म्हणून 19:19:19 दिलं, तर करपणं वाढलंच.

पाणी बोअरचं. म्हणजे आरओच्या नळीतून जे बाहेर पडतं ते बादलीत साठवते आणि सगळ्या कुंड्यांना तेच. पाणीटंचाईत ते मोरीत सोडवत नाही. मनीप्लांट आणि सदाफुली त्याच पाण्यावर ठणठणीत आहेत.

शिवाय रात्री याची पानं उभी राहतात. सासूबाई म्हणतात झाड आजारी आहे. खरंय का?

हौशी_माळी
पाणी जास्त होतंय. आठवड्यातून एकदाच द्या. कॅलाथिया नाजूक असतं.

कोथरूडची काकू
जास्त पाण्याने मुळं कुजली तर पान पिवळं आणि मऊ पडतं, देठ लोळतं. इथे कडा कोरड्या, कुरकुरीत आहेत. हे वेगळं दुखणं आहे.

मृण्मयी, मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी केली आहे, त्यामुळे माझी नजर आधी तुझ्या बादलीवर गेली. आरओ मशीन क्षार नाहीसे करत नाही गं, वेगळे काढतं. तुमच्या पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्या नळीतल्या पाण्यात जातात. घरगुती मशीन एक लिटर चांगलं पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. बोअरचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला 900 मिलिग्रॅम धरलं तर नळीतलं 1200 च्या आसपास येणार. माणसांच्या पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाची इष्ट मर्यादा 500 आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. कॅलाथियाला हा चालवून घेण्याचा प्रकार जमत नाही. मुळं पाण्याबरोबर क्षार ओढतात, पाणी पानातून उडून जातं आणि क्षार पानाच्या टोकाला, कडेला साठतात. म्हणून करपायला सुरुवात तिथूनच. फ्लोराइडलाही हे झाड हळवं. त्यात 19:19:19 म्हणजे आणखी क्षारच. खत तूर्त बंद.

कुंडी मातीची असेल तर बाहेरून काठाशी हात फिरवून बघ, पांढरी खार लागेल. प्लास्टिकची असेल तर मातीच्या वरच्या थरावर दिसेल.

आता करायचं काय? वरची बोटभर माती काढून टाक. कुंडी मोरीत ठेवून मशीनचं चांगलं पाणी हळूहळू ओत, कुंडीत मावेल त्याच्या तिप्पट, खालून निथळत राहू दे. ताटलीत साचलेलं पाणी लगेच फेकून दे, नाहीतर माती तेच परत शोषून घेते. पुढे याला फक्त चांगलं पाणी. एका छोट्या कुंडीला फार लागत नाही, घरातल्या एका माणसाच्या चहाएवढं. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धर, त्याला तोड नाही. आणि पाणी उकळून गार करून घालायच्या फंदात पडू नकोस. उकळल्यावर पाणी कमी होतं, मीठ-फ्लोराइड तेवढंच राहतं. रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन उडतो, क्षार नाही.

करपलेलं पुन्हा हिरवं होणार नाही. टोचत असेल तर कात्रीने पानाच्या आकाराने काप, तपकिरी रेघ किंचित ठेवून. जिवंत भागात कापलंस तर तिथे नवी कड करपते. झाडाची परीक्षा नव्या पानावर करायची. सुरळी उलगडली आणि टोक स्वच्छ निघालं की जिंकलीस.

हवेचं म्हणशील तर स्प्रेचा उपयोग पाच-दहा मिनिटं. तुमच्याकडे कूलर असेलच. ज्या खोलीत कूलर चालतो तिथे कुंडी ठेव, पण झोतासमोर नको. वाळ्याच्या पडद्यातून येणारी ओली हवा याला मानवते. एसी उलटा, हवा कोरडी करतो. कोरड्या दिवसांत पानामागे लाल कोळीही होतो. देठापाशी बारीक जाळी दिसली तर पानं मागून धुऊन काढ आणि कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, साबणाच्या दोन थेंबांसह, संध्याकाळी फवार.

सासूबाईंना सांग, पानं उभी राहणं हे तब्येतीचं लक्षण आहे. पान देठाला जिथे जुळतं तिथे थोडा फुगीर, फिकट भाग दिसेल. त्यातल्या पेशी दिवसरात्रीप्रमाणे पाणी एका बाजूकडून दुसरीकडे घेतात, त्यामुळे पान संध्याकाळी उचललं जातं. हलायचं थांबलं तर मला सांग.

सुपारीबाग, सावंतवाडी
आमच्याकडे सुपारीखाली जमिनीतच लावलंय, लाड काही नाही. हवाच ओली, वर सावली. ज्याच्या कंदातून आरारूट निघतं ते झाड याच कुळातलं, तेही इथे चांगलं येतं. बाकी 2012 पासून शास्त्रज्ञ मॅकोयानाला गोएपर्शिया म्हणतात. नर्सरीत ते नाव घेऊन बघा, कोणी ओळखणार नाही.

मृण्मयी, छ. संभाजीनगर
काकू, टीडीएस मीटर मागवला. नळीतलं 1340, पिण्याचं 60! कुंडीच्या काठावर खारही आहे. सासूबाईंनी आता रात्री टॉर्च घेऊन पानं बघायला सुरुवात केली आहे. तुमच्या सांगण्याप्रमाणे कुंडी धुतली. पण ती बादली आता कुठे ओतू? सदाफुलीला चालेल ना?

कोथरूडची काकू
सदाफुली सोसते म्हणून रोज तिलाच नको, तिच्याही मातीत साठेल. फरशी पुसायला, संडासात ओतायला वापर. गाडी धुवायची असेल तर शेवटचा हात साध्या पाण्याचा, नाहीतर काचेवर डाग राहतील. आणि कढीपत्त्याला चुकूनही घालू नकोस.