मदत हवी आहे : मराठवाड्यावर बेतलेली हेरकादंबरी

सप्रेम नमस्कार. परभणीतील आमच्या वाचकगटात पुढील महिन्यात हेरकथांवर चर्चा ठेवली असून, त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या ज्येष्ठ मंडळींना गुन्हेगार कोण, हे शेवटच्या पानापर्यंत कळता कामा नये. मला मात्र स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात नोकरी केलेले हेरकथाकार जॉन ल कारे अधिक भावतात, कारण तेथे हाणामारीपेक्षा, आपल्यातलाच कोण फितूर झाला आहे, हा संशय वाचकाला रात्रभर जागा ठेवतो. (पाठलागाची प्रकरणे मी नुसती चाळतो, हेही खरे.)

खरी अडचण पुढेच आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत (म्हणजे भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थान ताब्यात घेईपर्यंत) निजामी राजवटीविरुद्ध संस्थानाच्या सरहद्दीवरील स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पांतून चाललेले काम, आडवाटांनी पोहोचणारे निरोप, त्याच वर्षी ३० जानेवारीला नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटून चळवळीसाठी उभा केलेला पैसा, एवढा ऐवज हाताशी असताना त्यावर बेतलेली मराठी हेरकादंबरी मला सापडलेली नाही. आठवणी वा चरित्रे नकोत, कादंबरीच हवी. कोणास ठाऊक असल्यास शीर्षक, लेखक आणि प्रत कोणत्या ग्रंथालयात मिळेल, हे कृपया कळवावे.